आयाम आणि दोलनकाल कसा काढायचा: आधी मध्य, मग ओमेगा, मग बाकीचं

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून नाशिकला सायन्सला आलेल्या मुलांना बारावीच्या फिजिक्सचं पाचवं प्रकरण, ऑसिलेशन्स, हमखास अडतं. खरं तर त्यातलं निम्मं सामान ओळखीचं असतं. आयाम, दोलनकाल, वारंवारता हे शाळेत ध्वनीच्या धड्यात येऊन गेलेलं असतं. इथे त्यांना ॲम्प्लिट्यूड, पिरियड, फ्रीक्वेन्सी म्हणायचं, एवढाच सुरुवातीचा फरक. मग साइन-कोसाइन येतात, ओमेगा येतो आणि मुलं सूत्रं पाठ करायला लागतात. सूत्रं दहा-बारा होतात, आणि गणित समोर आलं की त्यातलं कुठलं लावायचं तेच सुचत नाही.

पाठांतराची गरज फार कमी आहे. सरल आवर्त गतीच्या, म्हणजे मध्याभोवती होणाऱ्या नियमित हेलकाव्याच्या, बहुतेक गणितांत शेवटी दोनच गोष्टी विचारलेल्या असतात: आयाम किती (वस्तू मध्यापासून जास्तीत जास्त किती लांब जाते) आणि दोलनकाल किती (एक पूर्ण हेलकावा व्हायला किती वेळ लागतो). या दोन्ही दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. दोलनकाल येतो वस्तूच्या घडणीतून: स्प्रिंग किती कडक, वस्तुमान किती, दोरी किती लांब. आयाम येतो तुम्ही ती वस्तू कशी सोडलीत त्यातून: किती ओढली, किती जोरात ढकलली. रामकुंडाजवळच्या नारोशंकर मंदिराची घंटा घ्या, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आणलेली. अशी कुठलीही घंटा हलकेच वाजवा नाहीतर सगळा जोर लावून वाजवा, आवाज लहानमोठा होतो, सूर बदलत नाही. सूर म्हणजे धातूच्या कंपनाची वारंवारता, ती घंटेच्या आकाराची आणि धातूची. आवाजाचा मोठेपणा आयामाचा, तो वाजवणाऱ्याचा. आवाज विरत जातो तेव्हाही सूर खाली घसरत नाही, आयाम तेवढा कमी होत जातो.

हे एकदा डोक्यात बसलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी मध्यस्थिती शोधायची. मग वस्तूच्या घडणीवरून ओमेगा, म्हणजे कोनीय वारंवारता काढायची. तिच्यातून दोलनकाल मिळतो. सगळ्यात शेवटी आयाम. मुलं बहुतेक वेळा उलटं करतात, आयामापासून सुरुवात करतात, आणि तिथेच गणित बिघडतं.

मध्य कुठे आहे?

वस्तूला न ओढता, न ढकलता सोडली तर ती जिथे स्वस्थ राहील, ती तिची मध्यस्थिती. तिथे वस्तूवरचं एकूण बल शून्य असतं. मध्यापासून वस्तू जितकी लांब जाईल तितक्या प्रमाणात तिला मध्याकडे खेचणारं बल वाढत असेल, तर ती गती सरल आवर्त. सूत्रात लिहायचं तर:

त्वरण = − ओमेगा² × विस्थापन

यातलं विस्थापन मध्यापासून मोजलेलं हवं. उणे चिन्ह फक्त एवढंच सांगतं की त्वरण नेहमी मध्याच्या दिशेनं आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं: गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला की गळ्याला? तीच उंची पात्राच्या तळापासून मोजली तर आकडा वेगळा येईल, पण पाणी किती चढलं आणि किती उतरलं त्यात फरक पडणार नाही. विस्थापनाचंही तसंच. शून्य कुठे धरलं त्यावर आकडे बदलतात, आयाम बदलत नाही. म्हणून समीकरण असं आलं की बिचकू नका:

विस्थापन = ५ + ३ साइन (४ × वेळ)

साइनची किंमत −१ ते +१ एवढ्यातच फिरते, म्हणून वस्तू २ ते ८ या दरम्यान पुढेमागे करते. मध्य ५ वर, आयाम ३. हा आयाम ८ लिहिणारे दरवर्षी असतात. पाच हा आकडा तुम्ही मोजपट्टी कुठे ठेवलीत ते सांगतो, गतीबद्दल काही सांगत नाही.

याच धाटणीचा जरा अवघड वाटणारा प्रश्न: त्वरण = ३२ − १६ × विस्थापन. हे सरल आवर्त आहे का? त्वरण शून्य कुठे होतं ते बघा. विस्थापन २ असताना. म्हणजे मध्य २ वर. आता तेच समीकरण −१६ × (विस्थापन − २) असं लिहिता येतं, ओमेगाचा वर्ग १६, ओमेगा ४. झालं. आयाम मात्र यातून निघणार नाही. वस्तू कुठून, किती वेगानं सोडली हे सांगितलेलंच नाही, आणि नुसत्या बलावरून आयाम कधीच कळत नाही.

आणखी एक. आयाम म्हणजे मध्यापासून एका टोकापर्यंतचं अंतर. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर त्याच्या दुप्पट. 'वस्तू १२ सेंमी लांबीच्या रेषेवर सरल आवर्त गतीनं फिरते' असं वाक्य असेल तर आयाम ६ सेंमी. सीईटीच्या पर्यायांत अशा वेळी १२ पण ठेवलेला असतो आणि ६ पण.

हातानं एकदा मोजून बघा

कागदावर जाण्याआधी हे एकदा घरी करावं असं माझं ठाम मत आहे. प्रयोगशाळा लागत नाही. गवंड्याचा ओळंबा घ्या, गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर जाड दोऱ्याला बांधलेलं जुनं कुलूप चालेल, पण ओळंबा बरा, कारण तो सगळीकडून सारखा असतो आणि वाकडातिकडा गिरक्या घेत नाही. चौकटीच्या वरच्या खिळ्याला किंवा झोपाळ्याच्या कडीला बांधा. गाठ पक्की हवी. दोरा खिळ्यावर सरकत असेल तर प्रत्येक हेलकाव्याला लांबी बदलते आणि सगळी मेहनत वाया जाते.

लांबी मोजायची ती टांगलेल्या बिंदूपासून ओळंब्याच्या वजनाच्या मध्यापर्यंत. दोरा जिथे ओळंब्याला बांधलाय तिथपर्यंत नव्हे, आणि खालच्या टोकापर्यंतही नव्हे. ही लांबी ९९ सेंमी ठेवा. का, ते पुढे कळेल.

खाली जमिनीवर पट्टी ठेवा, ओळंबा स्थिर असताना त्याच्या टोकाखाली खूण करा. ही मध्यस्थिती. आता ओळंबा एका बाजूला साधारण १० सेंमी ओढा आणि सोडा. ढकलू नका, नुसता सोडा. तुम्ही ओढलंत तेवढाच आयाम: १० सेंमी.

आता दोलनकाल. मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल. यात दोन चुका जवळपास सगळे करतात.

पहिली चूक, टोकापासून मोजायला सुरुवात करणं. टोकाला ओळंबा क्षणभर थांबल्यासारखा असतो, तो नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मध्याच्या खुणेवरून मात्र तो सगळ्यात जास्त वेगानं जातो, त्यामुळे खूण ओलांडल्याचा क्षण स्वच्छ दिसतो. मध्यावर घड्याळ सुरू करा, मध्यावरच थांबवा.

दुसरी चूक मोजणीची. ओळंबा खुणेवरून डावीकडून उजवीकडे गेला की तोंडानं 'शून्य' म्हणायचं आणि घड्याळ दाबायचं. 'एक' म्हटलं की एक दोलन कमी मोजलं जातं. मग तो उजवीकडून परत येताना खूण ओलांडतो, तेव्हा गप्प. पुन्हा डावीकडून उजवीकडे जाताना 'एक'. पूर्ण दोलन म्हणजे त्याच जागी, त्याच दिशेनं परत येणं. एका दोलनात मध्य दोनदा लागतो, हे विसरलं की दोलनकाल निम्मा येतो.

वीस दोलनं मोजा. समजा ३९.९ सेकंद लागले. दोलनकाल ३९.९ ÷ २० = १.९९५ सेकंद. एकच दोलन का मोजू नये? बटण दाबताना तुमचं बोट साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतं. एका दोलनात ती चूक पूर्णच्या पूर्ण अंगावर येते, वीस दोलनांत तिचे वीस भाग होतात.

साध्या लंबकाचं सूत्र असं: दोलनकाल = ६.२८ × √(लांबी ÷ गुरुत्व त्वरण). यातला ६.२८ म्हणजे पायची (π ची) दुप्पट. पुढेही हाच आकडा वापरू. ०.९९ मीटर आणि १.९९५ सेकंद घातले तर गुरुत्व त्वरण ९.८२ येतं. पुस्तकातलं ९.८ बघता, हातानं दाबलेल्या घड्याळाला हे भरपूर झालं. ९९ सेंमी घ्यायला सांगितलं ते यासाठी की एवढ्या लांबीचा लंबक जवळपास बरोबर दोन सेकंदांचा असतो: एका बाजूला जायला एक सेकंद, परत यायला एक.

नेमकं सांगायचं तर नाशिक विषुववृत्तापासून फक्त वीस अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथलं गुरुत्व त्वरण ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान येतं. दोन सेकंदांचा लंबक ९.८ धरून काढला तर ९९.३ सेंमी आणि नाशिकचा आकडा धरला तर ९९.१. आपल्या टेपला हा फरक कुठला दिसायला. पण घड्याळाला दिसतो. क्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं. पुढे १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तर तिथे त्याचं घड्याळ दिवसाला साधारण अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी, म्हणून दोलनकाल जास्त. त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला.

आता खरी गंमत. ओळंबा पाच मिनिटं तसाच हलू द्या. हवेच्या विरोधानं आयाम १० सेंमीवरून ६-७ वर येईल. पुन्हा वीस दोलनं मोजा. वेळ तीच. मग १० ऐवजी ५ सेंमी ओढून बघा, तरी वेळ तीच. मात्र हात आखडता ठेवा, कारण लंबक फक्त लहान कोनापुरताच सरल आवर्त आहे. १० अंशांपर्यंत सोडला तर सूत्राशी फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो, ३० अंशांना तो १.७ टक्के होतो आणि ६० अंशांना ७ टक्क्यांच्या वर जातो. ९९ सेंमी लांबीला १० सेंमी आयाम म्हणजे सहा अंशांहून थोडं कमी, म्हणून आपण निर्धास्त.

समीकरण दिलेलं असेल तर

हा सगळ्यात सोपा प्रकार, नुसतं वाचायचं काम.

विस्थापन = ६ साइन (१०.४७ × वेळ + ०.५)

साइनच्या बाहेरचा आकडा आयाम, ६ सेंमी. कंसात वेळेला गुणणारा आकडा ओमेगा. दोलनकाल = ६.२८ ÷ ओमेगा = ०.६ सेकंद. उरलेला ०.५ म्हणजे सुरुवातीची कला, तुम्ही घड्याळ कधी सुरू केलंत ते सांगणारी. आयाम-दोलनकालाशी तिचा संबंध नाही, तिच्याकडे काणाडोळा करा. साइनऐवजी कोसाइन असला तरी काही बदलत नाही. बाहेर उणे चिन्ह असेल तर ते सोडून द्या, आयाम कधी उणे नसतो. कॅल्क्युलेटर मात्र रेडियनवर ठेवा; अंशांवर राहिला तर वेळ घालून विस्थापन काढताना भलतीच उत्तरं येतील.

परीक्षेत सापळे असतात ते दोन जागी. पहिला, साइन आणि कोसाइनची बेरीज: ३ साइन (२ × वेळ) + ४ कोसाइन (२ × वेळ). आयाम ७ नाही. दोन्ही एकाच वेळी टोकाला पोचत नाहीत, त्यांच्यात पाव दोलनाचं अंतर आहे, म्हणून बेरीज काटकोन त्रिकोणासारखी: √(९ + १६) = ५. दोन्ही कंसांतला ओमेगा सारखा असेल तरच हे चालतं. एकात २ आणि दुसऱ्यात ४ असेल तर गती आवर्त आहे, पण सरल आवर्त नाही, आणि आयाम हा शब्दच तिथे नीट लागू पडत नाही.

दुसरा सापळा वर्गाचा: विस्थापन = ८ साइन² (५ × वेळ). इथे ८ आणि ५ उचलून मोकळे झालात तर दोन्ही उत्तरं चुकली. साइनचा वर्ग उणे होत नाही, म्हणून वस्तू शून्य ते ८ यातच फिरते. मध्य ४ वर, आयाम ४. त्रिकोणमितीचं सूत्र वापरलं की हेच समीकरण ४ − ४ कोसाइन (१० × वेळ) असं होतं. ओमेगा १०, दोलनकाल ०.६२८ सेकंद. गतिज ऊर्जेलाही हेच लागू. तिच्यात वेगाचा वर्ग असतो, म्हणून ऊर्जेचा आलेख वस्तूच्या एका दोलनात दोनदा वर-खाली होतो.

आलेख दिलेला असेल तर

उभ्या अक्षावर काय आहे ते आधी वाचा. विस्थापन असेल तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा घ्या. समजा २३ आणि १५. त्यांची सरासरी १९ म्हणजे मध्य, आणि फरकाचा निम्मा, ४, म्हणजे आयाम. दोलनकाल आडव्या अक्षावर, एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत. शिखर नेमकं कुठे आहे ते चपट्या वक्रावर ओळखू येत नाही, त्यामुळे शक्य असेल तर लांबची दोन शिखरं घ्यावीत. पहिलं ०.३ सेकंदाला आणि सहावं ४.३ सेकंदाला असेल, तर मधे पाच दोलनं झाली, सहा नव्हे. ४ ÷ ५ = ०.८ सेकंद.

उभ्या अक्षावर वेग असेल तर दोलनकाल तसाच वाचता येतो, पण आलेखाची उंची म्हणजे आयाम नव्हे, तो महत्तम वेग. त्याला ओमेगानं भागलं की आयाम मिळतो. त्वरणाचा आलेख असेल तर ओमेगाच्या वर्गानं भागायचं.

वेग आणि त्वरणाचे आकडे दिलेले असतील तर

इथे एकच सूत्र हाताशी ठेवा, बाकीची त्यातूनच निघतात:

वेग² = ओमेगा² × (आयाम² − विस्थापन²)

हे ऊर्जेच्या अक्षय्यतेचंच रूप आहे. मध्यावर विस्थापन शून्य, म्हणून वेग सर्वांत जास्त: ओमेगा × आयाम. टोकाला विस्थापन आयामाएवढं, म्हणून वेग शून्य.

नेहमी विचारलं जाणारं गणित: मध्यापासून ३ सेंमीवर वेग ८ सेंमी/सेकंद, ४ सेंमीवर ६ सेंमी/सेकंद. सूत्र दोनदा लिहा आणि एकातून दुसरं वजा करा, आयाम उडून जातो. डावीकडे ६४ − ३६ = २८. उजवीकडे ओमेगा² × (१६ − ९). म्हणजे ओमेगा² = ४, ओमेगा २, दोलनकाल ३.१४ सेकंद. आता मागे जा: आयाम² = ९ + ६४ ÷ ४ = २५, आयाम ५ सेंमी. दुसऱ्या बिंदूनं पडताळा: १६ + ३६ ÷ ४ = २५. जुळलं. एवढा पडताळा अर्ध्या मिनिटात होतो, तो टाळू नका.

महत्तम वेग आणि महत्तम त्वरण दिलं असेल तर आणखी झटपट. महत्तम त्वरण म्हणजे ओमेगा² × आयाम, महत्तम वेग म्हणजे ओमेगा × आयाम. भागाकार केला की ओमेगा हातात. वेग २० सेंमी/सेकंद आणि त्वरण ८० सेंमी/सेकंद² असेल तर ओमेगा ४, दोलनकाल १.५७ सेकंद, आयाम ५ सेंमी.

स्प्रिंग: रद्दीवाल्याचा काटा

रद्दीवाल्याकडे हुकाचा स्प्रिंगचा काटा असतो, तो नजरेसमोर ठेवा. रद्दीचा गठ्ठा हुकाला अडकवला, काटा स्थिर झाला, आणि स्प्रिंग ५ सेंमी ताणली गेली. गठ्ठ्याचं वस्तुमान माहीत नाही, स्प्रिंगचा स्थिरांक (ती किती कडक आहे ते सांगणारा आकडा) माहीत नाही. दोलनकाल काढता येईल?

येईल. स्प्रिंगचं सूत्र आहे दोलनकाल = ६.२८ × √(वस्तुमान ÷ स्थिरांक). गठ्ठा स्थिर लटकला आहे, म्हणजे स्प्रिंगचं बल आणि वजन सारखं: स्थिरांक × ताण = वस्तुमान × गुरुत्व त्वरण. यातून वस्तुमान ÷ स्थिरांक = ताण ÷ गुरुत्व त्वरण. म्हणून दोलनकाल = ६.२८ × √(०.०५ ÷ ९.८) = ०.४५ सेकंद, ओमेगा १४. हे बघून काही जण म्हणतात की स्प्रिंगचा दोलनकाल गुरुत्वावर अवलंबून आहे. नाही. हाच काटा चंद्रावर नेला तर गुरुत्व कमी होईल आणि ताणही तेवढ्याच प्रमाणात कमी होईल. भागाकार तोच, दोलनकाल तोच. लंबक मात्र चंद्रावर संथ होतो.

आयामाचं काय? इथे सगळी गोष्ट 'कसं सोडलं' यावर येते. मध्य आता स्प्रिंगच्या मूळ लांबीवर नाही, ५ सेंमी खाली आहे, जिथे गठ्ठा स्थिर राहिला असता तिथे.

गठ्ठा हातानं धरून, स्प्रिंग अजिबात ताणलेली नसताना हुकाला अडकवला आणि हात एकदम काढून घेतला, तर सुरुवात मध्याच्या ५ सेंमी वर, शून्य वेगानं. शून्य वेग म्हणजे ते टोक. आयाम ५ सेंमी, आणि गठ्ठा मूळ जागेपासून १० सेंमी खाली जाऊन परत वर येणार. काटा क्षणभर खऱ्या वजनाच्या दुप्पट दाखवतो तो यामुळेच. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा कमी. म्हणून रद्दी विकताना काटा स्थिर व्हायची वाट बघायची. उलट, गठ्ठा आधी स्थिर होऊ दिला आणि मग २ सेंमी खाली ओढून सोडला, तर आयाम २ सेंमी. ५ चा इथे संबंध नाही. आणि २ सेंमी खाली ओढून वर सोडताना २१ सेंमी/सेकंद वेगाचा धक्काही दिला, तर वरचंच सूत्र: आयाम² = २² + (२१ ÷ १४)² = ४ + २.२५, आयाम २.५ सेंमी. तिन्ही वेळा दोलनकाल ०.४५ सेकंदच.

जेईईवाल्यांना याच्या पुढचा एक प्रकार येतो. गुळगुळीत टेबलावर, स्प्रिंगला जोडलेला ३ किलोचा ठोकळा डोलतो आहे, आणि त्यावर वरून अलगद १ किलोचा मातीचा गोळा पडून चिकटतो. नवा दोलनकाल लगेच लिहिता येतो: वस्तुमान ३ चं ४ झालं, म्हणून √(४ ÷ ३), म्हणजे १.१५५ पट. गोळा कुठे पडला त्याच्याशी याचा काही संबंध नाही. आयामाला मात्र तेच महत्त्वाचं. टोकाला पडला तर त्या क्षणी वेग शून्यच होता, ते अजूनही टोकच आहे, आयाम तसाच. मध्यावर पडला तर संवेग अक्षय्य राहून वेग तीन-चतुर्थांश होतो; नवा ओमेगा जुन्याच्या √(३ ÷ ४) पट; आयाम = वेग ÷ ओमेगा, म्हणजे जुन्याच्या ०.८६६ पट. वेग कमी झाला तरी आयाम त्या प्रमाणात कमी झाला नाही, कारण ओमेगाही खाली आला.

प्रॅक्टिकलला

जर्नलमध्ये लंबकाच्या वेगवेगळ्या लांबींसाठी दोलनकाल काढून त्याचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढायला सांगतात. वर्ग का, तर नुसता दोलनकाल घेतला की वक्र येतो आणि वर्ग घेतला की सरळ रेषा. सरळ रेषेचा उतार पट्टीनं काढता येतो. लांबी किमान ४० सेंमीपासून पुढे घ्या. फार आखूड लंबक भराभर हलतो, आणि गोळ्याचा मध्य शोधताना झालेली दोन-चार मिलिमीटरची चूक तिथे जड जाते. रेषा शून्यातून गेली नाही तर बहुधा लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली नसते. प्रत्येक वेळी तेवढीच लांबी कमी किंवा जास्त धरली गेली की अख्खी रेषा सरकते, उतार मात्र तोच राहतो. त्यामुळे अशा जर्नलमधलं गुरुत्व त्वरण बरेचदा बरोबर निघतं.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न: लंबकाचा गोळा पोकळ आहे, पाण्यानं पूर्ण भरला आहे, आणि तळाच्या बारीक भोकातून पाणी हळूहळू गळतं आहे. दोलनकालाचं काय होईल? 'वस्तुमानाचा संबंध नाही, म्हणून काहीच नाही' हे उत्तर अर्धवट आहे. वस्तुमानाचा संबंध नाही हे खरं, पण लांबीचा आहे, आणि लांबी वस्तुमानाच्या केंद्रापर्यंत मोजायची. भरलेल्या गोळ्याचं केंद्र मधोमध. पाणी गळायला लागलं की वरचा भाग रिकामा होतो, उरलेलं पाणी तळाशी, केंद्र खाली सरकतं, लांबी वाढते, दोलनकाल वाढतो. पाणी अगदी थोडं उरलं की केंद्र परत वर चढायला लागतं, आणि गोळा पूर्ण रिकामा झाला की पुन्हा मधोमध. म्हणजे दोलनकाल आधी वाढतो, मग कमी होत पहिल्याइतका होतो.

बाहेरून आलेले परीक्षक यावर लगेच पुढचा प्रश्न टाकतात: आणि पाण्याऐवजी त्याच गोळ्यात बर्फ असेल, भोक बंद, आणि बर्फ वितळला तर? बर्फाला पाण्यापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून वितळल्यावर पाणी गोळ्याच्या वरच्या बाजूला थोडी पोकळी सोडतं. केंद्र किंचित खाली, दोलनकाल किंचित जास्त.